दिव्याच्या जागी

त्या एप्रिलात आमच्या नळाला अठरा-अठरा दिवसांनी पाणी यायचं, आणि माझा धंदा पाण्यावर चालायचा. ब्रश धुवायला मला दिवसाला दोन वाट्या पाणी लागतं. एक वाटी पहिल्या धुण्याची, एक स्वच्छ. संध्याकाळी पहिलीतलं गढूळ पाणी संडासात, दुसरीतलं पहिलीत, असा फेर. दुष्काळात लातूरकरांनी आंघोळी सोडल्या, मी एकही ब्रश सोडला नाही.

मी शिपाई रंगवते. सव्वा इंचाचे. मोठी, शिकलेली माणसं टेबलावर लढाया खेळतात, फासे टाकून, टेपनं अंतर मोजून. पुण्यात खेळतात, बंगळुरात खेळतात, आता नांदेडातही खेळतात. त्यांची फौज पार्सलानं येते ती राखाडी रेझिनची, बिनचेहऱ्याची. तिला माणसात आणायचं काम माझं. त्यातही माझं नाव आहे ते उजेडासाठी. कंदील, शेकोटी, तोफेच्या तोंडचा जाळ, असं काही असलं की शिपाई माझ्याकडे येतात. बल्ब नाही, वायर नाही, नुसत्या रंगानं मी असा उजेड पाडते की बघणारा हात शेकायला पुढं करतो. हे मी फुशारकीनं सांगत नाही. खरं आहे ते सांगते.

शेजारच्या साखराकाकूंना मात्र ते कधी पटलं नाही.

"रेडियम लावतीस ना गं? खरं सांग."

"न्हाई काकू, नुसता रंग हाय."

"मग अंधारात चमकंल का?"

"अंधारात काहीच दिसणार न्हाई."

"मग काय उपेगाचं?" असं म्हणून त्या घागर उचलून टँकरच्या रांगेत जायच्या. आमच्या भागात जे जे चमकतं ते रेडियम. गाडीच्या नंबरावरचं रेडियम, घड्याळाच्या काट्यावरचं रेडियम. त्यामुळं रेणापूर नाक्याच्या पलीकडे तुम्ही शिवकांता कुठं राहते विचारलंत तर कुणी सांगणार नाही. रेडियमवाली विचारलंत तर पोरंसोरंही घरापर्यंत आणून सोडतील.

रांगेत काकू गुणगुणत असायच्या. जुनी, जात्यावरची ओवी. माझ्या खिडकीपर्यंत यायची.

दिव्याला गं बाई दिवा, दिव्याला दिसंना
उजेडाच्या घरी माझी सावली बसंना

हा हुन्नर मला आप्पांनी दिला. आप्पा म्हणजे माझे वडील, महादेवप्पा पेंटर. ब्याऐंशी साली लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा औशापासून अहमदपुरापर्यंत गावोगावच्या पाट्यांवरचं जिल्ह्याचं नाव बदलायचं काम त्यांनी केलं. 'उस्मानाबाद' पुसायचं, 'लातूर' लिहायचं. पण उस्मानाबादला जागा लागते लांबलचक आणि लातूर पडतं आखूड. पाटीवर उजवीकडे वीतभर रिकामं राहायचं. ते रिकामपण आप्पांना सोसवेना. तिथं त्यांनी प्रत्येक पाटीवर एक पणती काढली, आणि शेवटच्या अक्षराच्या कडेला तिचा पिवळा उजेड पाडला. कुणी सांगितलं नव्हतं. कुणी हटकलंही नाही.

"दिवा रंगवायचा न्हाई," ते मला सांगायचे. "दिवा कुणालाबी येतो. तू दिव्याच्या जागी डोळा लाव. तिथनं तुला जेवढं दिसतं तेवढंच उजळ. जे दिसत न्हाई ते काळं. दिव्याला सावली दिसत नसती शिवा. ती दुसऱ्यांना दिसती."

आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. समोर बोटं नाचवली तर हालचाल कळायची, बोटं नाही. ऑपरेशनची तारीख फेब्रुवारीतली मिळाली होती. ती मार्चात गेली. मार्चातली एप्रिलात. दवाखान्यात हात धुवायला पाणी नव्हतं, ऑपरेशनं कुठून करणार? आप्पा तक्रार करायचे नाहीत. फक्त एकदा जेवताना म्हणाले, "आमोशाला बाहेर बसल्यागत वाटायलंय. सगळे हायत, पण कोण कुठं हाय कळंना." आणि घास तोंडाशी नेता नेता थांबले.

मला पैसा, नाव, काही नको होतं तेव्हा. आप्पांना एकदा माझं काम दिसावं, एवढंच हवं होतं. शिपाई मी रंगवायला लागले ते त्यांची नजर गेल्यावरच. त्यांनी माझा एकही उजेड पाहिला नव्हता.

काम आलं ते नांदेडच्या हणमंतरावांचं. निवृत्त गणिताचे मास्तर. दिवाणखान्यात दहा फुटांचं टेबल टाकून उदगीरची लढाई मांडणारे. त्यांना छावणी हवी होती, तीस शिपायांची, आणि मधोमध एक मशालजी.

"बाई," ते फोनवर म्हणाले, "मशाल अशी पेटवा की आमच्या हिला ट्यूब लावायची गरज वाटू नये."

मी ते वाक्य आप्पांना सांगितलं. ते हसले. मीही हसले, आणि हसता हसता बोलून गेले, "आप्पा, हा उजेड तुमाला दिसंल. बघाच तुमी."

"हाव?" ते म्हणाले. "दाव की मग."

मी कामाला लागले. मशालजीच्या हातात मशाल शेवटी चिकटवायची, तोवर मूठ मोकळी ठेवायची, ही माझी रीत. टेबलावर गाल टेकायचा, एक डोळा मिटायचा, उघडा डोळा त्या मोकळ्या मुठीवर आणायचा आणि छावणीकडे बघायचं. कुणाचं नाक दिसतं, कुणाचं ढोपर, कुणाच्या ढालीची फक्त कड. तेवढ्यावर नारिंगी. जवळच्यावर पिवळं मिसळून, लांबच्यावर विटकरी, आणि मग काही नाही. मी यापूर्वी पाच-दहा मिनिटं बघायची. या वेळी तासतासभर बघत राहिले. बाहेर बेचाळीस डिग्री ऊन, पत्रे कडकडायचे, आणि मी त्या सव्वा इंचाच्या रात्रीत.

चौथ्या दिवशी सकाळी छावणीतल्या पखालवाल्याच्या पाठीवर उजेड दिसला.

पखालवाला मशालीकडे तोंड करून उभा होता. त्याची पाठ मुठीतून दिसणं शक्यच नव्हतं. मी नखानं खरवडून पाहिलं. रंगच होता, आणि माझाच होता, नारिंगीत चिमूटभर गेरू मिसळलेला. झोपेच्या भरात चुकले असेन म्हणून मी वर काळा मारला. दुपारी तो वाळला. जेवून आले तर पाठ पुन्हा उजळलेली.

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या वाटीच्या कडेला. मग स्टीलच्या पेल्यावर. मग टेबलामागच्या भिंतीवर, हातभर, चुन्यावर छान पसरलेला, कडेला विटकरी होत गेलेला. आणि त्या नारिंगीच्या मधोमध पेल्याच्या आकाराची काळी जागा. पेल्याची सावली. तीही रंगाचीच. फडकं ओलं करून पुसली तर फडक्यावर आली.

मी घाबरट नाही. मला आधी राग आला, अर्धी वाटी पाणी पुसण्यात गेलं म्हणून. मग कुतूहल वाटलं. कारण काम चोख होतं. उजेड पडावा तिथंच पडला होता. फक्त मशालीचा नव्हता.

उजेड कुठून आला हे काढणं अवघड नसतं. सावलीची कड घ्यायची, ती जिच्यामुळं पडली त्या वस्तूची कड घ्यायची, दोन्हींवरून दोरी ताणून पुढं न्यायची. अशा दोन दोऱ्या जिथं मिळतील तिथं दिवा. आप्पांची पाट्या आखायची गेरूची दोरी काढली. एक पेल्याच्या सावलीवरून, एक वाटीच्या. दोन्ही मिळाल्या माझ्या स्टुलाच्या वर, हवेत. तिथं काही नव्हतं. मी रोज बसते ते स्टूल, बस्स.

पुढच्या दिवशी चुलीजवळच्या भिंतीवर डाग उमटला. दोरी लावली. दिवा दारात निघाला, जमिनीपासून चार फूट आठ इंचांवर. मी चौकटीवर पेन्सिलीची रेघ मारली आणि बाजूला तारीख घातली.

त्याच्या पुढच्या दिवशी आप्पांच्या बाजेशी. पुन्हा चार फूट आठ इंच.

म्हणजे कुणीतरी दिवा हातात धरून घरात फिरत होतं. स्टुलापाशी थांबत होतं, दारात थांबत होतं, बाजेशी थांबत होतं. दिवसाढवळ्या. आणि मला ते दिसत नव्हतं.

दुपारी मी दारात उभी राहून आप्पांकडे बघत होते. ते बाजेवर बसले होते. त्यांनी मान वर केली.

"कोण हाय दारात?"

"मी हाय आप्पा."

"तू न्हाई." त्यांनी डोळ्यांवर हात धरला. "दिवा घिऊन कोण उभं हाय?"

मी मागं वळून बघितलं. अंगणात ऊन होतं, रिकाम्या घागरी होत्या, काकूंचं लुगडं वाळत होतं.

"कुणी न्हाई आप्पा."

"मग गेलं," ते म्हणाले. "आत्ताच गेलं बघ."

त्या दिवशी मी मशाल चिकटवली. काम पुरं झालं. माझ्या हातून इतकं चांगलं काम यापूर्वी झालं नव्हतं आणि ते मला ठाऊक होतं. मशालजीला चिमटीत धरून बाजेशी गेले आणि आप्पांच्या तळहातावर उभा केला. उकिडवी बसले. त्यांच्या तळहाताकडे बघत राहिले, सवयीनं, टक लावून, मुठीतून बघावं तशी.

आप्पांनी डोळे बारीक केले. हात जवळ आणला. लांब नेला.

"ह्याच्या मिशीचा डावा आकडा मोडलाय की गं," ते म्हणाले.

मिशी मोडली होती. पॅकिंग फोडताना. केसाएवढा तुकडा. मी कुणाला सांगितलं नव्हतं.

"आप्पा?"

"आणि बोटावर उजेड जास्ती झालाय. मूठ झाकती तिथं काळं ठेवायचं. किती बार सांगितलं तुला." त्यांनी मशालजी डोळ्यांशी नेला. "शिवा, दिसायलंय गं मला. लई दिसायलंय."

मी रडले. आप्पांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि बघितला, गालावरचा रंगही बघितला, आणि माझ्या आईची, अव्वाची, आठवण काढली. साखराकाकू धावत आल्या, त्यांनी तीन बोटं दाखवली. मी बोटांकडे बघितलं. आप्पा म्हणाले, "तीन. आणि अंगठी सैल झालीय तुमची, साखराबाई." काकूंनी कडकडा बोटं मोडली. घरात इतकं हसू किती दिवसांनी झालं होतं.

काकूंना पोचवायला मी दारापर्यंत गेले. चौकटीला खांदा टेकला.

पेन्सिलीची रेघ माझ्या डोळ्यासमोर होती.

जरा वर नाही. जरा खाली नाही.

मी ती अंगठ्यानं पुसली. आतून आप्पा म्हणाले, "लाइट गेली का गं?"

"न्हाई," मी म्हणाले, आणि आत वळले.

"आली," ते म्हणाले.

दोन दिवसांनी शिपाई घेऊन नांदेडला गेले. डबा मांडीवर, एसटीत खिडकीशी. चाकूर मागं पडलं आणि अहमदपूरच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक जुनी पाटी दिसली, आप्पांच्या हातची, अजून कुणी न काढलेली. पणती पार झिजून गेली होती. पत्रा दिसत होता तिथं. पण 'लातूर'च्या शेवटच्या अक्षराच्या कडेला पडलेला पिवळा उजेड तसाच होता. दिवा नव्हता आणि उजेड होता. गाडी पुढं गेली.

हणमंतरावांनी शिपाई हिरव्या कापडावर मांडले. चष्मा पुसून पुन्हा मांडले. मी वाट बघत होते. कौतुक कसं येतं, कुठल्या शब्दापासून सुरू होतं, मला पाठ आहे.

"उजेड झकास आहे बाई," ते म्हणाले. "पण सावली कुठंय?"

"म्हणजे?"

"सगळे सगळीकडून उजळलेत. पुढून, मागून. मशाल मधे आहे, तर ह्या बाजूला काळं नको का?"

मी वाकून बघितलं. मला काही चुकलेलं दिसेना. तीसच्या तीस शिपाई स्वच्छ उजळलेले होते. ते कशाबद्दल बोलत होते तेच कळेना.

त्यांनी मशालजी उचलून खिडकीतल्या उन्हात ठेवला. गणित शिकवणाऱ्या माणसाच्या धीरानं त्यांनी कापडावर बोट टेकलं. "ही बघा. ही त्याची सावली. एवढी तरी द्यायची."

त्यांचं बोट होतं तिथं मी बघितलं.

हिरवं कापड होतं.

"बरं," मी म्हणाले. "करून देते."

मग मी त्यांच्या खुर्चीखाली बघितलं. खिडकीच्या गजांखाली. रस्त्यावर उतरून लिंबाच्या झाडाखाली, जिथं रिक्षावाले उन्हातून येऊन बसले होते. ते उन्हातच बसलेले दिसत होते.

फोन वाजला. साखराकाकू.

"शिवे, कवा येतीस? तू गेल्यापासनं आप्पा भिंतीला धरून बसल्यात. म्हंत्यात दिवे गेले. दिवसा दिवे गेले म्हंत्यात गं. मी कंदील लावून ठिवला तर म्हणले, हा न्हाई, दुसरा."

मी पहिली गाडी पकडली. घरात पाय टाकला तसे आप्पा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "ही साडी नवी घेतलीस?"

पुढच्या आठवड्यात मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. शहरभर फटाके वाजले. आठ दिवसांत दवाखान्याचा निरोप आला, घेऊन या. डॉक्टरीणबाईंनी आप्पांच्या एका डोळ्यात बॅटरी मारली, मग दुसऱ्या डोळ्यात, मग पुन्हा पहिल्या.

"दोन्ही पूर्ण पिकलेत. यांना उजेड-अंधाराशिवाय काही कळत नसेल."

आप्पांनी समोरच्या कॅलेंडरावरची बारीक अक्षरं वाचून दाखवली. मी कॅलेंडराकडेच बघत होते. बाईंनी बॅटरी खाली ठेवली. मला म्हणाल्या, तुम्ही जरा बाहेर थांबा. मी बाहेर गेले. दार लागलं. आतून आप्पांचा आवाज आला, "लाइट गेली बघा तुमची," आणि डॉक्टरीणबाईंचा, "आहे की बाबा लाइट."

ऑपरेशन आप्पांनी नको म्हटलं. दिसतंय तर कापायचं कशाला? मीही जोर केला नाही. मी सांगितलं होतं, माझा उजेड तुम्हाला दिसेल. दिसतो आहे.

काम मी सोडलेलं नाही. हणमंतरावांना सावल्या हव्या होत्या, त्या आप्पा सांगतात आणि मी मारते. इथं, अजून जरा डावीकडं, बस. मला दिसत नाहीत, पण हात बसला आहे. गिऱ्हाईक खूश आहे.

काल दुपारी आप्पा बाजेवर पेपर वाचत होते, मोठ्यानं. मी समोर बसून त्यांच्या पेपराकडे बघत होते. चार-पाच शब्द वाचले की ते अडायचे, पुन्हा वाचायचे.

"काय झालं?"

"लाइट फडफडायलीय," ते म्हणाले. "लई दिवस झालं सांगीन म्हणतोय. जाती आन् लगेच येती."

"कशी? बोटानं दावा."

त्यांनी बाजेच्या लाकडावर बोट वाजवलं. टक्. जरा वेळानं टक्. टक्. मी ऐकत बसले, आणि मग प्रत्येक टक् कुठं पडतो आहे ते मला पापण्यांत कळलं.

मी पापणी हलू दिली नाही.

"हां, आता थांबली," आप्पा म्हणाले आणि वाचत सुटले. एक परिच्छेद झाला. दुसरा झाला. धरणांच्या बातम्या होत्या. माझे डोळे चुरचुरू लागले. त्यांनी पान उलटलं. आता पापण्यांच्या कडा जळत होत्या. मी हातांनी स्टूल घट्ट धरलं. डोळे भरून आले आणि मी ते भरू दिले, पुसले नाहीत.

आप्पा वाचता वाचता थांबले. त्यांनी पेपर खाली ठेवला. खोलीभर, भिंतींवर, पत्र्यावर, स्वतःच्या हातांवर हळूहळू नजर फिरवली.

"शिवा," ते म्हणाले, "पाणी आलंय काय गं? सगळं पाण्याखाली दिसायलंय."